दुसऱ्या अक्षराला कोणी आलं नाही

अलमेलू गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात तिच्या पलंगाभोवती आम्ही चार-पाच जण उभे होतो. मी सोडून बाकी सगळे तमिळ घरांतले, सगळे उज्जैनलाच जन्मलेले आणि सगळे स्वतःला ‘टीचर के बच्चे’ म्हणवणारे. तिने तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला आणि काहीतरी म्हणाली. तमिळमध्ये. आयुष्यभर ती माझ्याशी मराठीत बोलली, शाळेत हिंदीत बोलली, पण त्या दिवशी सकाळपासून बाकीच्या दोन्ही भाषा तिने जणू खाली ठेवल्या होत्या. सगळ्यांत पुढे सीनू होता. त्याने वाकून कान जवळ नेला आणि म्हणाला, “हाँ टीचर, हाँ टीचर, आप आराम करो.” ती पुन्हा तेच म्हणाली, जरा जोर लावून. सीनूने पुन्हा मान हलवली. मागच्या एकाने पाण्याची बाटली पुढे केली, एकाने चादर वर ओढली, कोणी म्हणालं पंखा कमी करा. तिने चादर ढकलली, पाणी नको म्हणून मान फिरवली, सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा बघितलं... आणि मग गप्प झाली. नर्सने मास्क परत लावला. ती काय म्हणत होती ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. तिचा मुलगा रमेश बेंगळुरूहून इंदूरला उतरून इथे पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. माणूस गेल्यावर आधी रडू येतं असं मी ऐकत आलेय. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. संपादकांनी ‘मैत्रिणीबद्दल चार आठवणी लिहा’ म्हणून सांगितलं तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं होतं की माझ्या आठवणी गोड निघणार नाहीत. ते म्हणाले, लिहा तर खरं. तेव्हा लिहितेय.

अलमेलू लग्न करून कुंभकोणमजवळच्या एका खेड्यातून उज्जैनला आली. तिचे यजमान रेल्वेत होते. त्या काळात रेल्वे, बँक, टेलिफोन, गिरण्या अशा नोकऱ्यांमुळे आलेली बरीच तमिळ कुटुंबं इथे होती. फ्रीगंजच्या पलीकडे त्यांनी वर्गणी काढून मुरुगनचं एक छोटं देऊळ बांधलं होतं, वर एक खोली काढली होती. माझी आणि तिची गाठ मुलींच्या सरकारी शाळेत पडली. मी गणित शिकवायचे, ती रसायनशास्त्र. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी कोणाला तरी ‘फळा पुसा’ म्हटलेलं तिने ऐकलं आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली. “आपके पास ळ है,” ती हिंदीत म्हणाली. “इधर तो कोई बोल ही नहीं पाता. मेरे गाँव का नाम तक बिगाड़ देते हैं.” आमची मैत्री या एका अक्षरावर सुरू झाली म्हटलं तरी चालेल. पुढे माझ्या सासूबाईंच्या हाताखाली ती मराठी शिकली आणि वर्षभरात असं बोलायला लागली की देवास गेटचा भाजीवाला मला हिंदीत आणि तिला मराठीत भाव सांगायचा.

स्वभावाने ती तापट होती. हे लिहायलाच हवं, कारण शोकसभेत तिला जी ममतामयी आई करून टाकलंय ती बाई मी कधी पाहिली नाही. अलमेलू पट्टीने टेबल बडवायची. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायची नाही. प्रयोगशाळेत कोणी परीक्षानळी फोडली तर त्या मुलीच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि मग संध्याकाळी त्याच मुलीच्या घरी जाऊन हाताला काच लागली नाही ना ते बघून यायची. माझ्या चकलीला ती तोंडावर ‘कच्चा मुरुक्कू’ म्हणायची. भांडण झालं की आम्ही दोन-दोन आठवडे बोलायचो नाही आणि मग शाळेतल्या एखाद्या समान शत्रूविरुद्ध, बहुतेक मुख्याध्यापिकेविरुद्ध, एकत्र यायचो.

तमिळ वर्गाची कल्पना तिला कुठल्या सभेत सुचलेली नव्हती. रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या शेजारी एक म्हातारी होती, मुलाकडे राहायला आलेली, अंथरुणाला खिळलेली. मुलगा ड्यूटीवर, सून बाजारात, घरात दोन नातवंडं. आजी काहीतरी सारखं म्हणत होती. नातवंडांना फक्त हिंदी यायची. त्यांनी तिला पाणी दिलं, मग दूध दिलं, मग देवाचा फोटो आणून दाखवला, आणि शेवटी घाबरून अलमेलूला हाक मारली. अलमेलू गेली, ऐकलं, आणि म्हातारीला हळूच दुसऱ्या कुशीवर वळवलं. बस. म्हातारी एवढंच सांगत होती की मला दुसऱ्या कुशीवर करा. अलमेलू दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती डोळे सुजवून. “शालिनी,” ती मला म्हणाली, “स्वतःच्या घरात, स्वतःच्या नातवांना, कूस बदला एवढं सांगता येत नाही माणसाला. हे मी चालू देणार नाही.” त्याच रविवारी तिने देवळाच्या वरच्या खोलीत वर्ग सुरू केला. वेळ सकाळी दहाची. फळा तिने स्वतःच्या खर्चाने करून घेतला. जे होऊ नये म्हणून त्या बाईने आपले सगळे रविवार घातले, तेच तिच्या उशाशी झालं, आणि ते बघायला आम्ही सगळे रांगेने उभे होतो. आता मला शांत राहा म्हणून कोणी सांगू नये.

सुरुवातीला वर्ग चांगला चालला. मी कित्येकदा नुसती मागे जाऊन बसायचे. गोष्टी, गाणी, म्हणी, आणि मधूनच पट्टीचा आवाज. मुलं हिंदीत विचारायची, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. आईबाप खाली देवळात बसलेले असायचे. पण ते आईबाप तिकडून आलेले होते. त्यांच्या कानात गावाकडची भाषा होती. त्यांची मुलं मोठी झाली, त्यांना मुलं झाली, आणि इथून पुढे सगळं बिघडत गेलं. ते कसं बिघडलं ते सांगते, कारण तो प्रकार दुसरीकडे कुठे मी पाहिलेला नाही.

दसऱ्याला आपल्याकडे पाटीपूजन असतं तसं त्यांच्याकडे अक्षरारंभ असतो. ताटात तांदूळ पसरायचे, लहान मुलाला मांडीवर घ्यायचं, आणि मोठ्या माणसाने त्याचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर लिहायचं. तमिळ ‘अ’. मोठं माणूस म्हणजे आजोबा, आई, गुरुजी, कोणीही चालतं. इथल्या लोकांनी ते काम अलमेलूकडे दिलं. तिने बोट धरलेली पहिली काही मुलं पुढे शिकून मोठी झाली, एक अमेरिकेला गेला, एक बँकेत मॅनेजर झाला. झालं, टीचरच्या हाताला गुण आहे अशी बोलवा उठली. दर दसऱ्याला त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसायची. रेशमी परकर घातलेल्या मुली, वेष्टी नेसवलेले आणि ती सुटते म्हणून रडणारे मुलगे, ताटं, हळदीकुंकू, मोबाइल वर धरलेले मामा. आमच्या गल्लीतली दोन मराठी घरं आणि एक सिंधी कुटुंबसुद्धा तिच्याकडून बोट धरून घ्यायला आलेलं मला आठवतंय. त्यांना ‘अ’शी काही देणंघेणं नव्हतं. हाताला गुण होता ना.

आणि पुढच्या रविवारी जिना रिकामा.

मला आधी वाटायचं, लोक विसरतात. मग लक्षात आलं की ते विसरत नव्हते. त्यांच्या हिशेबी काम झालेलं असायचं. टॉवर चौकात एकदा एक आई भेटली, मुलगा हाताशी, दोघं आइस्क्रीम खात होते. अलमेलूने विचारलं, रविवारी का आला नाही. ती बाई अगदी आनंदाने म्हणाली, “टीचर, ‘अ’ तो आपने लिखवा दिया ना. अब तो आशीर्वाद हो गया.” त्या बाईच्या मनात खोट नव्हती, हेच जास्त संतापजनक. लसीसारखं झालं होतं ते. एकदा टोचून घेतली की जन्माची काळजी मिटली. कोणाचा अबॅकसचा क्लास, कोणाचं क्रिकेट, कोणाची परीक्षा नुकतीच झालेली, कोणाची पुढे यायची. ‘अ’ सगळ्यांना येत होता. माझ्या माहितीत उज्जैनमधल्या झाडून सगळ्या तमिळ मुलांना ‘अ’ लिहिता येतो, आणि सुंदर लिहिता येतो. त्याच्या पुढे काही नाही.

हे मी त्यांना बोलते तेव्हा मला माझं घर दिसत नाही असं कोणी समजू नये. आमचे पूर्वज संस्थानी काळात इकडे कारकुनीला आले. आमच्या समाजाची मराठी शाळा होती. ती आधी हिंदी झाली, मग इंग्रजी झाली, आता तिच्या फाटकावर एवढा मोठा इंग्रजी फलक आहे की खालचं संस्थापकांचं नाव दिसत नाही. गणपतीत आमची मुलं आरती मोबाइलवर बघून म्हणतात. माझा नातू तर पुण्यात राहतो, जिथे पैशाला पासरी मराठी मिळते, आणि मला फोनवर ‘आजी’ एवढा एक शब्द म्हणून पुढचं सगळं इंग्रजीत सांगतो. अलमेलूची नातही तशीच. तिचं बोट अलमेलूने स्वतः धरलं, डोळे भरून आले तिचे, आणि चार दिवसांनी मुलगी विमानात बसून गेली. तेव्हा हा राग कोणा एका जातीवर किंवा प्रांतावर नाही. पण आमच्यात आणि त्यांच्यात एक फरक होता. आमच्याकडे दर रविवारी दहा वाजता येऊन बसणारं कोणी नव्हतं. त्यांच्याकडे होतं.

मग एका दसऱ्याला ती अडली. मी त्या दिवशी तिच्याबरोबर गेले होते. ती नेहमीसारखी पाटावर बसली, पण हात मांडीवरच ठेवले. पहिलाच एक तरुण बाप होता, मुलाला घेऊन, ताट पुढे सरकवून वाट बघत. अलमेलू म्हणाली, “पहला अक्षर घर पे लिखवाइए. घर में माँ है, दादी है. मैं दूसरा लिखवाऊँगी. रविवार को, दस बजे.” लोकांना आधी ती गंमत वाटली. हसलेसुद्धा. मग ती पुन्हा तेच म्हणाली, आधी तमिळमध्ये, आणि ते कोणाला कळलं नाही असं बघून परत हिंदीत. जिन्यापर्यंत कुजबुज गेली. एक बाई रडायला लागली, म्हणाली सणाच्या दिवशी मुलाला असं परत पाठवणं अपशकुनी आहे. सीनू तेव्हा देवळाच्या कमिटीवर नुकताच आलेला. तो तिच्या पायाशी बसून समजूत घालायला लागला. “टीचर, मुहूरत निकल जाएगा.”

“निकल जाने दो,” ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती तशीच बसून राहिली. ताटं तिच्या समोरून उचलून लोक खाली पुजाऱ्याकडे गेले. पुजाऱ्याने बोटं धरली, ‘अ’ लिहिले गेले, फोटो निघाले, प्रसादाचं सुंदल, हरभऱ्याची उसळ, वाटलं गेलं. आम्हा दोघींना वर कोणी आणून दिलं नाही. मी तिला म्हटलं, “चल आता घरी.” ती म्हणाली, “रविवारी येतील बघ. राग आला म्हणजे वर्मी लागलंय. येतील.” तिला खरंच वाटत होतं की येतील.

रविवारी कोणी आलं नाही. जे दोन-चार नियमाने यायचे त्यांच्याही आया बिथरल्या. महिन्याभरात कमिटीने अतिशय आदराने कळवलं की वरची खोली भजनाच्या सरावाला लागते आहे. निरोप घेऊन सीनूच आला होता. अलमेलूने त्याला कॉफी दिली, काही विचारलं नाही, भांडली नाही. ती भांडली नाही याचा मला आजही राग आहे. तिने एक हातठेला ठरवला आणि फळा आमच्या घरी आणला. आमची बाहेरची खोली रस्त्यावर उघडते. माझे यजमान असताना ते तिथे ट्यूशन घ्यायचे, नंतर ती रिकामीच होती. “तुझ्याकडे ठेवू का?” तिने विचारलं. मी म्हटलं, “विचारतेस काय.”

त्या खोलीत दोन बहिणी बरीच वर्षं आल्या. हुशार होत्या, अलमेलूला उलट उत्तरं द्यायच्या, आणि ती खूश व्हायची, कारण उलट उत्तरं तमिळमध्ये असायची. मग मोठीला कोटाला क्लासला घातलं आणि धाकटीला इंदूरला होस्टेलला. त्यानंतर कोणीच नाही. तरी ती यायची. स्वच्छ साडी, वेणीत अबोलीचा तुकडा, पर्समध्ये खडू. फळ्यावर वार लिहायची, त्या दिवसाचं अक्षर लिहायची, आणि खुर्चीवर बसायची. मी एकदा वैतागून म्हटलं, “अगं, कोणासाठी?” ती म्हणाली, “वेळ दिलेली आहे ना दहाची. कोणी आलं आणि मी नसले तर?” मी समोर बसायचे, तिला बरं वाटावं म्हणून. तशीच मी अक्षरं शिकले. सगळी. बोलणं नाही शिकले. तिला मराठीत गप्पा मारायच्या असायच्या आणि मलाही. अक्षरं झाली की मुख्याध्यापिकेचा विषय निघायचा, ती बाई वारून कितीतरी वर्षं झाली असली तरी.

आता शोकसभेबद्दल. रमेशने रामघाटावर सगळं यथासांग केलं. तिथल्या पंडितजींनी तिचं गोत्र, गाव आणि नाव तिन्ही चुकवली, पण ते सोडून देऊ. सभा देवळाच्या हॉलमध्ये होती. दाराशी तिच्या फोटोचा फ्लेक्स, वर नाव हिंदीत आणि इंग्रजीत. तमिळमध्ये का नाही असं मी छापून आणणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आंटी, प्रिंटरवाल्याला येत नाही. तुम्ही लिहून द्यायचं होतं, मी म्हटलं. त्यावर तो गोरामोरा होऊन खुर्च्या लावायला गेला. भाषणं झाली. एक नाही, दोन नाही, झाडून सगळी हिंदीत, आणि मधूनमधून इंग्रजी. टीचर म्हणजे आपल्या संस्कृतीचा दिवा, टीचरमुळे आपली मुळं टिकली, टीचरने पिढ्या घडवल्या. प्रत्येक जण उठून सांगत होता की माझं पहिलं अक्षर टीचरने लिहून घेतलं. मी मोजत नव्हते, पण त्या हॉलमध्ये ‘पहला अक्षर’ हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकले की शेवटी मी खुर्ची दाराकडे सरकवली. मग ठराव मांडला गेला. यंदा दसऱ्याला टीचरचा मोठा फोटो वरच्या खोलीत लावायचा, तिचा फळा शेजारी ठेवायचा, आणि मुलांचा अक्षरारंभ त्या फोटोसमोर करायचा. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले. मला फक्त एक विचारायचंय, असं मी हिंदीत म्हणाले. जायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात टीचर काय म्हणाल्या, ते इथे कोणाला कळलं असेल तर त्यांनी सांगावं. रमेशला सांगावं, तो इथे बसलाय, त्याला अजून माहीत नाही. सगळे खाली बघायला लागले. रमेशने चष्मा काढला आणि तोंडावरून हात फिरवला. सीनू माइकजवळ आला, हळूच म्हणाला, “आंटी, अभी रहने दीजिए.” मी खाली बसले. नंतर इडली आणि वडा होता. इडली छान हलकी झाली होती. तेवढं तमिळ टिकलंय.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सीनू आमच्याकडे आला, बरोबर कमिटीचे दोघे. फळा न्यायला. सीनू वाईट माणूस नाही, हे मला सांगायला हवं. दवाखान्यात तीन दिवस तो होता, सगळी धावपळ त्यानेच केली, मला डबाही त्याच्या घरून यायचा. बँकेत मोठ्या जागेवर आहे, पण माझ्यासमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसतो. मी चहा केला. चहा झाल्यावर मी त्याच्या हातात खडू दिला. म्हटलं, “ले जाओ फळा. बस, दूसरा अक्षर लिख के ले जाओ.”

तो हसला. मग मी हसत नाहीये हे त्याने बघितलं. फळ्यापाशी जाऊन त्याने ‘अ’ काढला. काय सुरेख काढला. वरची गोलाई, मधला आडवा दांडा, शेवटची उभी रेघ सरळ खाली. अलमेलूच्या हाताचं वळण होतं ते, मी कुठेही ओळखेन. आणि मग तो खडू धरून उभा राहिला. बरोबरचे दोघे आपापल्या मोबाइलमध्ये बघायला लागले, न जाणो त्यांना बोलावलं तर. बाहेरून गॅसची गाडी गेली. सीनूची मान लाल झालेली मला मागून दिसत होती.

“टीचर डाँटती बहुत थीं, आंटी,” तो फळ्याकडेच बघत म्हणाला. “और संडे को अम्मा भेजती भी नहीं थी. कहती थी सो लेने दो बच्चे को.” मग खडू या हातातून त्या हातात घेत, “आपका मराठी स्कूल भी तो...”

“अंग्रेज़ी हो गया,” मी म्हटलं. “हाँ. इसीलिए कह रही हूँ.”

त्याने खडू फळ्याच्या खालच्या पट्टीवर ठेवला. नमस्कार केला, बरोबरच्यांना खूण केली, आणि ते तिघे फळा न घेता गेले. दसरा व्हायचा तसा झाला. मी गेले नाही. गल्लीतल्या कोणीतरी मोबाइलवर दाखवलं: तिचा फोटो, हार, समोर तांदळाची ताटं, आणि एका छोट्या मुलीचं बोट धरलेला सीनू. गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती म्हणे.

पुढच्या रविवारी मी बाहेरच्या खोलीचं दार दहाला उघडलं आणि तिच्या खुर्चीवर बसले. का, ते विचारू नका. वेळ दिलेली आहे. कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. अलमेलू जाताना फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून जायची. कोणी आलं नव्हतं हे आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू नये, तिच्या माणसांची शोभा होऊ नये, म्हणून. इतकी वर्षं ती त्यांची लाज अशी झाकत आली. मी पुसत नाही. सीनूचा ‘अ’ तसाच आहे, आल्यागेल्याला दिसतो, कोणी विचारलं तर मी सांगते कोणाचा ते. तमिळचं दुसरं अक्षर काही फार अवघड नसतं. तोच ‘अ’ असतो, फक्त त्याच्या पायाशी एक गोल वळण जास्त. मला ते येतं. खडू तिथेच पट्टीवर आहे, आणि ते वळण मी काढणार नाही.